एरोमॉडेलिंगचा ईएससी सायकलच्या हब मोटरला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूड ते बावधन रोज जाणारी सायकल. मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, दहा सेल सिरीजमध्ये असलेली लिथियम आयन बॅटरी. जुना कंट्रोलर जळाला. कॉलेजात विमानाच्या मॉडेलसाठी घेतलेला १२० अँपिअरचा ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारे सर्किट) घरात पडून आहे. जळालेला कंट्रोलर तर १५ अँपिअरचाच होता, मग १२० अँपिअरवाला का चालू नये?

चाक फिरेल, हे आधीच सांगतो. स्टँडवर तर झकास फिरेल. अडचण चांदणी चौकाच्या चढावर येईल, आणि ती १२० या आकड्याने सुटणारी नाही.

पण ईएससीला हात लावण्याआधी मोटर तपासा. कंट्रोलर उगाच जळत नाही. मागच्या ॲक्सलचे नट सैल झाले की ॲक्सल ड्रॉपआउटमध्ये (चाक बसते त्या खाचेत) फिरतो, वायर पिळली जाते आणि फेज, म्हणजे मोटरच्या तीन जाड वायरी, एकमेकींना चिकटतात. अशा मोटरला कुठलाही नवा कंट्रोलर लावला तरी तो पहिल्याच थ्रॉटलला जाणार. तपासणीला मीटरही लागत नाही. मोटरच्या तिन्ही जाड वायरी मोकळ्या सोडा आणि चाक उलट दिशेने फिरवा. उलटच का, तर गिअरवाल्या हबमध्ये आत एकदिशा क्लच असतो. पुढे फिरवलेत तर मोटर फिरतच नाही आणि सगळे छान आहे असे वाटते. तिन्ही वायरी सुट्या असताना चाक जड जात असेल, तर आत शॉर्ट आहे. मग दोन-दोन वायरी जोडून बघा. तिन्ही जोड्यांना सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. दोन जोड्या हलक्या लागल्या तर त्या दोन्हींत असलेली वायर तुटलेली आहे.

आता व्होल्टेज. ईएससीवर ‘६एस’ लिहिले असेल तर विषय इथेच संपला. सहा लायपो सेल म्हणजे पूर्ण चार्जला २५.२ व्होल्ट, तुमची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते. जोडताक्षणी कपॅसिटर फुटतील, किंवा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातील, किंवा दोन्ही. ३६ व्होल्टच्या बॅटरीला १२एसचा, म्हणजे ५०.४ व्होल्टपर्यंतचा ईएससी लागतो. आणि ४८ व्होल्टची बॅटरी असलेल्या मित्राने हे वाचून १२एसचा लावायला जाऊ नये: ती १३ सेलची असते, पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. ‘४८ आणि ५०.४, बसतंय की’ या हिशेबात पुष्कळ ईएससी गेले आहेत.

समजा ईएससी १२एसचा आहे. तरी मूळ मुद्दा उरतोच. विमानाचा ईएससी मोटरला व्होल्टेज देतो, करंट मोजून आवरत नाही. रिमोटची स्टिक ३० टक्के म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजच्या ३० टक्के, बस. मोटर त्यावर किती अँपिअर ओढेल ते मोटरवर सोडलेले असते. विमानाच्या पंख्याला (प्रोपेलरला) हे चालते, कारण थांबलेल्या पंख्यावर भारच नसतो. भार वेगाच्या वर्गाने वाढतो आणि पूर्ण वेगालाच सर्वांत जास्त होतो. त्यातून तो पंखा स्वतःच ईएससीवर वारा मारत असतो. १२० हा आकडा त्या वाऱ्यातला आहे. सायकलचे सगळे उलट: सर्वांत जास्त जोर शून्य वेगाला हवा, वारा नाही, आणि चढ पाच-सात मिनिटे संपत नाही. सायकलच्या कंट्रोलरवर लिहिलेले १५ अँपिअर म्हणजे ‘यापुढे जाऊ देणार नाही’ अशी हमी असते. ईएससीवरचे १२० म्हणजे ‘यापुढे गेलात तर मी जबाबदार नाही’.

आकडे घालून बघू. मोटरचे वाइंडिंग आणि वायरी मिळून ०.१५ ओहम धरा, बॅटरी ४० व्होल्ट. सायकल उभी आहे आणि तुम्ही २० टक्के थ्रॉटल दिला. मोटरला मिळाले ८ व्होल्ट, करंट ८ भागिले ०.१५ म्हणजे ५३ अँपिअर. बॅटरीकडून मात्र त्याच्या २० टक्केच जातात, साधारण साडेदहा. बॅटरीच्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावणारा म्हणतो, दहाच तर अँपिअर आहेत, मग ईएससी एवढा का तापतो? कारण मॉसफेटमधून ५३ जात आहेत. उभ्या सायकलला पूर्ण थ्रॉटल दिलात तर हिशेबाने २६७ अँपिअर येतात. तेवढे वाहण्याआधी बॅटरीचा बीएमएस (बॅटरी जपणारे आतले सर्किट) बहुधा तोडेल, पण मॉसफेट त्याची वाट बघत बसत नाहीत.

आता चढ. पूर्ण थ्रॉटलला सपाटीवर २८ किमी वेग देणारी मोटर चढावर १० किमीवर आली की तिचा बॅक-ईएमएफ, म्हणजे फिरणाऱ्या मोटरचा उलटा दाब, सुमारे १४.३ व्होल्ट असतो. थ्रॉटल ४० टक्के ठेवलात तर १६ उणे १४.३, म्हणजे १.७ व्होल्ट उरतात आणि करंट ११ अँपिअर. ५० टक्क्यांना ३८. ६० टक्क्यांना ६५. अंगठा तेवढाच सरकला, करंट मात्र सहा पट झाला. म्हणून अशी सायकल चढावर एक तर ढिम्म असते, नाहीतर उसळते. मधले काही मिळत नाही. खड्ड्यात अंगठा हलला तरी फरक पडतो, आणि आपल्याकडे खड्डे कुठे शोधावे लागत नाहीत.

उष्णतेचा हिशेब करंटच्या वर्गाने चालतो. दोन मॉसफेटच्या वाटेचा रोध मिळून ६ मिलिओहम धरला तर ५३ अँपिअरला १७ वॅट होतात. विमानाच्या छोट्या आउटरनर (बाहेरचे कवच फिरणाऱ्या) मोटरचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास असतो. तिथे त्याच २० टक्के थ्रॉटलला २०० अँपिअर आणि २४० वॅट. इस्त्रीचा तापमानाचा खटका नसलेला अवतार. शिवाय स्वस्त ईएससीत, मॉसफेट बंद असतानाचा करंट त्याच्या जोडीच्या मॉसफेटमधल्या डायोडमधून फिरतो. डायोडवर ०.८ व्होल्ट पडतात. ५० अँपिअर असले आणि ८० टक्के वेळ असे चालले तर आणखी ३२ वॅट तिथेच जळतात. अर्ध्या थ्रॉटलला ईएससी पूर्ण थ्रॉटलपेक्षा जास्त का तापतो, त्याचे उत्तर हे.

दुसरी अडचण सुरुवातीची. विमानाच्या ईएससीला हॉल सेन्सरच्या (चुंबकावरून रोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरी नसतात. रोटर कुठे आहे ते तो बॅक-ईएमएफवरून ओळखतो, आणि मोटर थांबलेली असताना तो शून्य असतो. मग ईएससी आंधळेपणाने दोन-चार झटके देतो आणि मोटर मागोमाग आली तर पुढे जातो. पंखा लगेच येतो. शंभर किलोची सायकल येत नाही. मोटर थरथरते, खर्रकन आवाज येतो आणि ताळमेळ सुटलेल्या त्या क्षणांत करंट कुठल्या कुठे जातो. सर्वांत जास्त मॉसफेट इथेच मरतात.

तुमच्या बाबतीत इथे एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. गिअरवाल्या हबमधला तो क्लच. सायकल पॅडलने पुढे जात असताना आतली मोटर थांबलेली असते. थ्रॉटल दिला की ती बिनभाराची सुरू होते, वेग घेते आणि चाकाच्या वेगाला पोचली की क्लच पकडतो. म्हणजे ईएससीला जवळपास पंख्यासारखीच सुरुवात मिळते. अट एकच: वेग हळू वाढला पाहिजे. एकदम वाढवलात तर क्लच धाडकन पकडतो आणि नायलॉनच्या प्लॅनेटरी गिअरचे दात जातात. डायरेक्ट ड्राइव्ह हबमध्ये हा फायदा नाही. तिथे मोटर चाकाबरोबर सतत फिरते, आणि फिरत्या मोटरला मध्येच पकडणे प्रत्येक ईएससीला जमत नाही. वेगाचाही फरक आहे. २६ इंची चाक २५ किमीला मिनिटाला सुमारे २०० फेरे करते. ४६ चुंबकांच्या डायरेक्ट ड्राइव्ह हबला त्याचे ४,६०० विद्युत फेरे होतात. २० चुंबकांच्या आणि पाचास एक गिअरच्या हबला १०,०००. ईएससी ज्यासाठी बनवला, त्या आउटरनरला ५०,००० सहज होतात.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या मोटरला हॉल सेन्सर आहेत, तर ३६ व्होल्टचा, सहा मॉसफेटचा, १५ अँपिअरचा साधा सायकल कंट्रोलर आणा आणि ईएससी विमानालाच राहू द्या. ब्रेक कट-ऑफ, पॅडल सेन्सर, अंडरव्होल्टेज कट-ऑफ हे सगळे त्यात आयते येते. स्वतः सेटिंग करण्याची हौस असेल तर बेन्यामिन वेडर यांच्या खुल्या डिझाइनचा व्हेस्क हा कंट्रोलर घ्या. तोही याच हॉबीच्या जगातून आला, पण त्यात मोटरचा आणि बॅटरीचा करंट वेगवेगळा बांधून देता येतो, हॉल सेन्सर जोडता येतात, आणि थ्रॉटल म्हणजे व्होल्टेज न राहता करंट होतो. वरच्या चढाच्या हिशेबातली उसळी तिथे नाहीशी होते. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारचे सेन्सरवाले ईएससी सुरुवातीला चांगले असतात. पण त्यांत रिव्हर्स असतो. तो बंद करता येत नसेल तर सायकलवर लावू नका.

एवढे सांगूनही करून बघायचे असेल तर निदान नीट करा.

ईएससीला थ्रॉटलचे व्होल्टेज कळत नाही. त्याला १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स लागतो, सेकंदाला पन्नास वेळा. सायकलचा हॉल थ्रॉटल ५ व्होल्टवर चालतो आणि साधारण ०.८ ते ४.२ व्होल्ट देतो. बरेच जण सर्व्हो टेस्टरचा (असे पल्स देणाऱ्या छोट्या सर्किटचा) पॉट, म्हणजे फिरवायचा रोधक, काढून तिथे थ्रॉटलची वायर डकवतात. चालते, पण त्यात एक जीवघेणा सापळा आहे: थ्रॉटलची काळी वायर तुटली की सिग्नल वर, ५ व्होल्टकडे जातो. म्हणजे पूर्ण थ्रॉटल. हँडलपाशी वळणारी वायर हीच, आणि आधी तुटणारीही हीच. म्हणून मध्ये अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) हवाच. त्यात इतके लिहा: ०.५ व्होल्टच्या खाली किंवा ४.५ च्या वर वाचन आले (नॅनोच्या ० ते १०२३ मोजणीत १०२ आणि ९२१) तर पल्स १००० मायक्रोसेकंद. ब्रेक लीव्हरचा स्विच दाबला तर १०००. चालू केल्यावर थ्रॉटल सलग दोन सेकंद शून्यावर दिसेपर्यंत १०००. ही शेवटची ओळ विसरू नका, कारण थ्रॉटल ओढलेला असताना ईएससी चालू झाला तर तो कॅलिब्रेशनमध्ये (थ्रॉटलची हद्द नव्याने ठरवण्याच्या अवस्थेत) शिरतो. पल्स वाढवताना दर पल्समागे १० मायक्रोसेकंदांहून जास्त नाही, म्हणजे शून्यापासून पूर्णापर्यंत दोन सेकंद. कमी करताना मात्र ताबडतोब. चाकावर चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ येताच जुळणारा) लावून ६ किमीच्या खाली थ्रॉटल चालूच देऊ नका. सुरुवात नेहमी पॅडलने.

करंटची मर्यादाही इथेच घालता येते. बॅटरीच्या वायरीत ५० अँपिअरचा दोन्ही दिशांचा करंट मोजणारा एसीएस७५८ सेन्सर बसवा. तो शून्याला २.५ व्होल्ट देतो आणि दर अँपिअरला ४० मिलिव्होल्ट, म्हणजे २० अँपिअरला ३.३. पण नुसती बॅटरीची मर्यादा पुरत नाही, हे वर दिसलेच. मोटरला ६० अँपिअरवर बांधायचे असेल तर बॅटरीची मर्यादा थ्रॉटलबरोबर हलती ठेवा: ६० गुणिले थ्रॉटलचा हिस्सा, आणि कमाल १५. म्हणजे १० टक्क्यांना बॅटरीचे ६ अँपिअर, २० टक्क्यांना १२, २५ आणि त्यापुढे १५. मर्यादा ओलांडली की पल्स मागे घ्यायचा. ढोबळ पद्धत आहे, झटक्यातला करंट ती पकडत नाही. चढावर मात्र उपयोगी पडते.

नॅनोला ५ व्होल्ट देताना जपा. तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) हाताशी येणारी, व्होल्टेज उतरवणारी एलएम२५९६ची छोटी पाटी ४० व्होल्टपर्यंतचीच असते. भरलेली बॅटरी ४२ देते. ती गेली तर ४२ व्होल्ट थेट नॅनोवर आणि थ्रॉटलवर येऊ शकतात. ‘एचव्ही’ असलेली, ६० व्होल्टची मागा, आणि दुकानातच चिपवरचा नंबर वाचा. उच्च व्होल्टेजच्या ईएससीत बहुधा स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा नसतो, त्याच्या सिग्नल बाजूलाही हेच ५ व्होल्ट द्यावे लागतात.

वायरिंगमध्ये एकच नियम पाठ करा: बॅटरीकडच्या वायरी आखूड, मोटरकडच्या लांब चालतील. लोक नेमके उलटे करतात, ईएससी मोटरजवळ आणि बॅटरी पुढे फ्रेममध्ये. लांब वायरीतला करंट सेकंदाला हजारो वेळा तोडला की तिच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेजची टोके उठतात आणि ईएससीचे कपॅसिटर आधी तापतात, मग फुगतात. ते मेले की मॉसफेट मेले. वाढवणे टळत नसेल तर दर १० सेंमी जादा वायरीमागे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ४० सेंमीला १००० मायक्रोफॅरडचा एक लावा: ६३ व्होल्टचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला), १०५ अंश छापलेला, ईएससीच्या अगदी तोंडाशी. उलटा लावलात तर फटाका. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून न्या.

या कपॅसिटरांमुळे बॅटरी जोडताना ठिणगी उडते आणि कनेक्टरची टोके जळतात. एक्सटी९०-एस कनेक्टरमध्ये त्यासाठी आतच रोधक असतो. नसेल तर ४७ ओहम, ५ वॅटचा रोधक घेऊन दोन सेकंद त्यातून भरू द्या, मग मुख्य जोड. फ्यूज डीसीचा, आणि व्होल्टेज बघून घ्या. गाडीतले पात्याचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचे असतात. ४२ व्होल्टला ते वितळल्यावरही आत ठिणगी धरून ठेवू शकतात. घरातला एसीचा एमसीबी हाही पर्याय नाही.

ईएससीचे प्रोग्रॅमिंग: ब्रेक बंद. विमानात पंखा थांबवायला तो असतो. डायरेक्ट ड्राइव्ह हबवर चालू राहिला तर थ्रॉटल सोडताच चाक आवळते. गव्हर्नर (वेग कायम धरून ठेवणारी सोय) बंद. टायमिंग सर्वांत कमी. स्टार्ट सॉफ्ट. पीडब्ल्यूएम (व्होल्टेज तोडून देण्याची फ्रीक्वेन्सी) ८ किलोहर्ट्झ. हब मोटरचा इंडक्टन्स भरपूर असतो, जास्त फ्रीक्वेन्सी फक्त ईएससी तापवते. लायपोचा कट-ऑफ बंद करा, कारण ईएससी सेल मोजून ठरवतो आणि अर्धवट उतरलेली दहा सेलची बॅटरी त्याला नऊची वाटू शकते. मग बॅटरीचे व्होल्टेजही नॅनोनेच बघायचे: ३२ व्होल्टच्या खाली थ्रॉटल हळूहळू कमी. मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन फेज बदला. हॉलच्या पाच बारीक वायरी एकेक करून झाका. नंतर खरा कंट्रोलर लावाल तेव्हा त्या लागतील. चालू करताना बीप चाकातून येईल, दचकू नका; ईएससी मोटरलाच स्पीकर करतो.

थंडाव्यासाठी ईएससीवरचे हीटश्रिंक (प्लॅस्टिकचे आवरण) कापा आणि मॉसफेटची पट्टी थर्मल पॅड घालून ३ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवा. पॅड विसरलात तर पत्राच शॉर्ट करेल. पत्र्याची बाजू बाहेर वाऱ्याला, सर्किटची बाजू डब्यात. जून ते सप्टेंबर उघडा ईएससी टिकणार नाही. वायरी डब्यात खालून घाला आणि डब्याआधी त्यांना खाली झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत जाणार नाही.

कायद्याचे एक वाक्य. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ३० मिनिटांची पॉवर २५० वॅटच्या आत आणि वेग २५ किमीच्या आत असेल तरच ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. ईएससीला वेग कळत नाही. ती मर्यादाही त्याच रीड स्विचवरून नॅनोत घालावी लागते.

पहिली चाचणी चाक उचलून, पॅडल हाताने फिरवत: दहा वेळा चालू-बंद, थ्रॉटल हळू. मग थ्रॉटलची काळी वायर मुद्दाम काढा. मोटर थांबली नाही तर रस्त्यावर जायचे नाही. नंतर सपाट रस्त्यावर दोन किमी, थांबून पत्र्याला हात लावा. तीन सेकंद ठेवता आला तर ठीक, नाहीतर ६० अँपिअरची मर्यादा ४० वर आणा. हे सगळे जमल्यावरच चांदणी चौक, तोही पॅडल मारत.

आणि एके दिवशी मोटर थरथरून बंद पडली तर परत परत थ्रॉटल देऊ नका. बॅटरी आणि मोटर दोन्ही सोडवा, मल्टिमीटर डायोडवर ठेवा, प्रत्येक फेज प्लसला आणि मायनसला मोजा, दोन्ही दिशांनी. चांगल्या मॉसफेटला एका दिशेने ०.४ ते ०.५ व्होल्ट दिसतात. कुठेही शून्याजवळ आकडा आला तर तो मॉसफेट शॉर्ट झाला आहे, आणि तसाच ईएससी परत जोडलात तर दुसरी बाजू चालू होताच बॅटरी थेट वाइंडिंगवर येईल.